मैनेशी धरलेला अबोला

"म्हणजे... मी या घरातून जायचं?"

आत्तूच्या हातातली मैनेची वेणी अर्धवटच राहिली. वेणीची मालकीण आरशात स्वतःलाच वेडावून दाखवण्यात दंग होती, आणि मैनेचा बाप, आत्तूचा धाकटा भाऊ, जो लहानपणी काही फोडलं-सांडलं की आत्तूच्याच पाठीमागे लपायचा, तो आता मोबाइलमध्ये डोकं खुपसून उत्तर शोधत होता!

"कायमचं कोण म्हणतंय, ताई? मैनेचा प्रवेश होईपर्यंत फक्त. तयारीवाल्या बाई म्हणाल्या, घरात एकच भाषा ठेवा, इंग्रजी. नाहीतर मूल गोंधळतं. आणि तू..."

"आणि मला इंग्रजी येत नाही," आत्तूनं वाक्य पुरं केलं. त्याची वाक्यं पुरी करायची तिला जुनीच सवय होती.

तयारीवाल्या बाई म्हणजे त्या मोठ्या इंटरनॅशनल स्कूलच्या मुलाखतीसाठी मुलांना घडवणाऱ्या बाई. मुलाखत कोणाची, तर जिला अजून स्वतःचे बूट उलटसुलट कळत नाहीत तिची! तिनं रंग ओळखायचे, ठोकळे रचायचे, आणि त्या वेळी आईबापांनी शेजारी हसतमुख बसायचं. निवड पोरीची होते की तिच्या आईबापाची, हे आत्तूनं कितीदा विचारलं, पण तिला काही उमगलं नव्हतं.

आत्तू पूर्वी बसस्थानकावर घोषणा करायची. गडबडून भलत्याच गाडीकडे धावणाऱ्या माणसाला जागच्या जागी थांबवील, असा तिचा खणखणीत आवाज होता. पण मैना जन्मली, भावजयीच्या रुग्णालयातल्या पाळ्यांना काळवेळ नव्हती, आणि भाऊ तिच्या दारात येऊन लहान मुलासारखा रडला... तेव्हा आत्तूनं माइक बंद केला तो कायमचाच! त्याच आवाजानं तिनं मैनेला जोजवलं, भरवलं, दटावलं, आणि पोरीनं हट्ट केला की बसस्थानकावरची घोषणाही ऐकवली. मैनेचा पहिला शब्द 'आत्तू' होता. त्या दिवशी भावजय हसली होती खरी, पण हसता हसता स्वयंपाकघरात निघून गेली होती.

"मला पाठवू नका रे," आत्तू विनवू लागली. "मी बोलणारच नाही! एक शब्द नाही काढणार तोंडातून. पण पोरीच्या नजरेआड नका करू मला..."

भावानं बायकोकडे पाहिलं. ती धुतलेले कपडे घडी करत होती, आणि एकच टॉवेल ती कितीतरी वेळ घडी करत, मोडत होती. शेवटी तिनं नुसता हुंकार दिला.

त्याच दिवशी आत्तूनं मैनेला खेळ समजावला. "हे बघ, आजपासून आपल्या भाषेत जी आधी बोलेल, ती हरली. खुणा चालतील, शब्द नाही."

"हरलं की आत्तू जाणार?" मैनेनं विचारलं.

म्हणजे कार्टीनं सगळं ऐकलं होतं! आत्तूनं मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते तिचं तिलाच समजलं नाही. मैनेनं मात्र ओठांवर बोट ठेवलं, आणि खेळ सुरू झाला.

पहिले काही दिवस फार मजेचे गेले. भुकेची खूण, आंघोळीची खूण, रुसल्याची खूण! मग हळूहळू मैनेचं खिदळणं थांबलं. आईबाबांना ती इंग्रजीत पढवल्यासारखी उत्तरं द्यायची, तयारीवाल्या बाई खूश होत्या, आणि तरी घर असं सुन्न का वाटतंय, हे कोणाला कळत नव्हतं. एकदा तर पोरगी आपल्या बाहुलीच्या तोंडावर बोट धरून बसलेली आत्तूला दिसली, आणि तिच्या काळजात चर्र झालं... अंतःकरणात मायेचा नुसता कल्लोळ, आणि ओठांना मात्र कुलूप! आपण पोरीचं भलं करतोय की वाटोळं?

"ताई, हिला बरं नाहीये का हो? आंघोळीला गाणं म्हणत नाही हल्ली," भावजय एकदा न राहवून आपल्या भाषेत बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. आत्तू काय उत्तर देणार? तिनं हात पसरले, एवढंच.

मुलाखतीच्या दिवशी मैना आत्तूचं बोट सोडीना, म्हणून आत्तूही शाळेत गेली. तिला वर्गाबाहेरच्या बाकावर बसवलं. दाराला काच होती, तीतून तिला बुटक्या खुर्च्या, त्यांत कसेबसे मावलेले भाऊ-भावजय, आणि मुलाखत घेणाऱ्या चष्मेवाल्या बाई दिसत होत्या. मैनेनं ठोकळे रचले. रंग सांगितले. भावाचा चेहरा फुलला. मग बाईंनी हसून काहीतरी विचारलं... आणि मैनेनं ओठांवर बोट ठेवलं.

बाईंनी तिला वर्गाच्या कोपऱ्यात खेळणाऱ्या इतर मुलांत नेऊन सोडलं. तिथे तिला एक लाल बस मिळाली, आणि लगेच एका मुलानं ती हिसकावून घेतली. एरवी मैनेनं शाळा डोक्यावर घेतली असती! आता ती रडली नाही, ओरडली नाही, ओठांवर बोट तसंच ठेवून ती फक्त दाराच्या काचेकडे बघत राहिली. बाईंचं हसू मावळलं.

दार उघडलं. भावाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, आत ये. त्या विचारतायत, घरी हिच्याशी बोलतं कोण?"

आत्तू आत गेली. बाई बोलत होत्या आणि भाऊ अडखळत सांगत होता. "त्या म्हणतात, इंग्रजी आम्ही शिकवू, ती घाई नाही. मूल मागतं का, भांडतं का, मनातलं सांगतं का, ते आम्ही बघतो... कुठल्याही भाषेत. त्यांनी हिला घरच्या भाषेत गोष्ट सांगायला सांगितलं होतं. ही बोलतच नाहीये गं, ताई!"

 म्हणजे आत्तूनं जे बोलणं गिळून टाकलं तेच यांना हवं होतं? मग आता बोलायचं की नाही? आणि हे विचारायचं तरी कसं, विचारणं म्हणजेच बोलणं! तिनं भावाकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं. दोघंही तितकीच बावरलेली. मग तिनं मैनेकडे पाहिलं, आणि ती मटकन खालीच बसली.

"मी हरले गं, मैने! बघ, मी आधी बोलले... आता बोल, माझ्या राजा!"

मैनेचा ओठ थरथरला. बोट खाली आलं.

"मग... आता तू जाणार?"

 भावानं तोंड फिरवलं. भावजय खुर्चीवरून उठली आणि तिथेच, जमिनीवर, आत्तूशेजारी कोसळली.

"नाही गं सोन्या, आत्तू कुठ्ठे जाणार नाही!" तिचे अश्रू अनावर झाले. "ताई, तयारीवाल्या बाईंचं निमित्त झालं हो. मलाच वाटलं, तुम्ही चार दिवस नसलात तर ही मला हाक मारेल... पडली तरी आत्तू, झोपेत दचकली तरी आत्तू! मी आई आहे ना हो तिची?"

"अगं वेडे," आत्तूनं तिला कुशीत ओढलं, "मला सांगायचंस ना! मी शिकवलं असतं तिला."

आणि मग मैनेचा बांध फुटला. त्या मुलानं तिची बस घेतली, आणि तिची बाहुलीपण मुकी झालीय, आणि आत्तूनं भात करपवला तेव्हा तिला हसू आलं होतं पण ती हसली नाही, आणि तिला शू आलीय! बाईंना एक अक्षर कळलं नाही, पण त्या डोळे पुसत हसत होत्या. भावाशी काही बोलल्या.

"ताई, हिला घेतलं," भाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पण नव्या मुलांबरोबर सुरुवातीला घरचं एक माणूस वर्गात बसतं. त्या विचारतायत, आत्तू येईल का?"

"मी? अरे, मला कुठे इंग्रजी..."

"म्हणूनच," तो म्हणाला. "तिथे हिच्याशी आपल्या भाषेत बोलणारं कोणी हवं ना!"

गाडीत बसल्यावर मैनेनं फर्मान सोडलं, "आत्तू, घोषणा!"

आत्तूनं घसा खाकरला. किती दिवसांनी! "प्रवाशांनी लक्ष द्यावे... घराकडे जाणारी गाडी..." आणि आवाज हुंदक्यात अडकला. तेव्हा मागच्या सीटवरून भावजयीनं, रडक्या आणि बेसूर आवाजात, घोषणा पुरी केली, "...आत्तूला घेऊन सुटत आहे!"

मैनेनं टाळी वाजवली.

"आई, अजून मोठ्यानं!"