पोचल्याचा मिस कॉल

कुडाळच्या फोन-सुरक्षा प्रयोगशाळेत धुरीसर आले की आधी चहा यायचा आणि मग भांडण व्हायचं. दहा वर्षांत या क्रमात बदल नाही. त्या दुपारीही चहा आला, बशी टेबलावर आपटली आणि सरांनी तोंड उघडलं.

"हेमा, फोनला राखणदार लागत नाही. लिहून घे."

"लिहून घेऊन कपाट भरलं, सर," डॉ. हेमांगी नेरूरकर हसून म्हणाली. ती या प्रयोगशाळेची प्रमुख. सर तिचे गुरू, निवृत्त झालेले, पण जिभेला निवृत्ती नव्हती.

"फोन म्हणजे जुन्या संगणकासारखं धर्मशाळेचं दालन नव्हे. इथे प्रत्येक ॲपला स्वतंत्र खोली. कडी आतून. एकाला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. व्हायरस आलाच तर आपल्याच खोलीत मरेल. मग तुझा राखणदार करणार काय? सगळ्या खोल्यांची चावी मागणार! अगो, ज्याच्याकडे सगळ्या चाव्या, त्याच्यावर पहारा कोण ठेवणार? कुंपणच शेत खायला लागलं तर?"

"आणि माणसाने स्वतःच्या हाताने कडी काढली तर?" हेमांगी म्हणाली. "लिंक आली, दाबली, 'हो' म्हटलं, झालं. माझ्या केतकीचं कृत्रिम स्वादुपिंड फोनवर चालतं, सर. दंडावरचा संवेदक साखर मोजतो, फोन हिशेब करतो, पोटावरचा पंप इन्सुलिन सोडतो. त्या फोनात कुणी शिरला तर माझी पोर जाईल. ते मी तुमच्या कडीच्या भरवशावर सोडू?"

सरांनी बशी जवळ ओढली. केतकीचं नाव निघालं की ते भांडण तिथेच सोडायचे. तिच्या बारशाला त्यांनीच पाळणा आणला होता.

हेमांगीने बनवलेल्या संरक्षक प्रणालीचं नाव 'राखणदार'. कोकणात गावाच्या वेशीवर जो अदृश्य रक्षक असतो, ज्याला वर्षातून एकदा मान द्यावा लागतो, त्याच्यावरून ठेवलेलं. तिचा राखणदार व्हायरस ओळखायचा तो चेहऱ्यावरून नाही, वागण्यावरून. फोन संशयास्पद वागला की त्याचा 'संशयांक' वाढतो. ऐंशीवर गेला की राखणदार फोनला वाळीत टाकतो. वाळीत म्हणजे वाळीत. ना कुणाशी बोलणं, ना कुणाकडून ऐकणं; राखणदार तेवढा प्रयोगशाळेला आकडा कळवत राहतो. नवी आवृत्ती सकाळीच सोडली होती, आणि तीही फक्त प्रयोगशाळेतल्या लोकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या फोनवर. दुसऱ्याच्या पोरावर प्रयोग करणाऱ्यांतली हेमांगी नव्हती.

केतकी त्या दिवशी आंबोलीच्या पठारावर होती. बेडकांचे आवाज नोंदवण्याचं एक छोटं केंद्र आहे तिथे, गावापासून दूर, एका खोलीचं. जोडीदारीण उद्या येणार होती. पोचल्यावर केतकीने रिवाजाप्रमाणे मिस कॉल दिला होता. एक रिंग आणि कट. त्याचा अर्थ 'पोचले'. हेमांगीने उलट एक रिंग दिली. त्याचा अर्थ 'कळलं'. फोनला पैसे पडायचे तेव्हापासूनची ही रीत. आता पैसे पडत नाहीत, पण रीत सुटली नाही. ती रिंग कुणी उचलायची नसते, उचलली तर समोरचा उलट घाबरतो, म्हणतो, "काय झालां?"

चहा संपल्यावर हेमांगीने सहज लेकीला फोन लावला. जेवलीस का, एवढंच विचारायचं होतं. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा. चौथ्यांदाही कुणी उचलला नाही. तिने पंपाच्या नोंदींचं पान उघडलं आणि सरांकडे वळवलं.

"सर, नोंदी थांबल्यात. जेवणाचा डोस चालू असताना."

"थांबल्यात म्हणजे?"

"फोनशी संपर्क तुटला की पंप शेवटचा आदेश तसाच चालू ठेवतो. मिनिटा-दोन मिनिटांची रेंज गेली तर औषध बंद पडू नये म्हणून. पण इथे शेवटचा आदेश जेवणाच्या डोसचा आहे. जेवणापुरतं इन्सुलिन केव्हाच सोडून झालंय, आणि पंप अजून सोडतोच आहे! साखर खाली खाली जाणार. आधी झोप येते तिला, मग..."

भाऊ बाबल, ज्याचं घाटाखाली सावंतवाडीत गॅरेज होतं, त्याला तिने फोन केला. "बाबल, मोटरसायकल काढ, आंबोली गाठ. केतकी फोन उचलत नाही. वाटेतून तूही लावत राहा तिला, सारखा लावत राहा!"

"निघालंय मी," बाबल म्हणाला. तिने बोलावलेली रुग्णवाहिकाही तिथूनच निघाली, पण घाटात मोटरसायकलच्या पुढे ती जाणार नव्हती.

मग हेमांगी मुख्य पडद्यापाशी धावली. केतकीच्या फोनचा ठिपका लाल होता. संशयांक ब्याण्णव.

"वाळीत टाकलाय," ती पुटपुटली. "माझ्याच राखणदाराने. म्हणूनच पंपाशी संपर्क तुटला. व्हायरस? तिच्या फोनात?"

तिने थांबण्याचा आदेश पाठवला. पडद्यावर उत्तर आलं, 'आदेश नाकारला', आणि आकडा झाला सत्त्याण्णव. तिने प्रमुखाची गुप्त खूण लावून आदेश पाठवला. नाकारला. आकडा एकशे दोन.

"तुझं ऐकत नाही तो?" सर उभे राहिले.

"नाही ऐकणार. मीच तसा केलाय त्याला." हेमांगी पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली. "व्हायरस आला की आधी राखणदाराला झोपवतो, आणि मालकाचं सोंग घेऊनच झोपवतो. म्हणून लांबून आलेला 'थांब' हा त्याच्या लेखी हल्लाच. राखणदार लगेच काढायचा तर एकच मार्ग, फोनच्या मालकाने स्वतः अंगठा ठेवायचा. आणि ज्या पोरीचा अंगठा हवा ती शुद्धीत आहे की नाही, मला ठाऊक नाही!"

तिने पुन्हा केतकीचा नंबर लावला. रिंग वाजत होती. "ऊठ गो बाय, ऊठ," ती फोनशी बोलत होती. "एकदा ऊठ. दप्तरात चिक्की आहे, खा." देव आठवले, नवस बोलून झाले. रिंग वाजून वाजून कट झाली.

धुरीसर मात्र तिच्याकडे बघत नव्हते. ते पडद्याकडे बघत होते.

"हेमा, गप रव. फोन ठेव खाली."

"सर, प्लीज!"

"ठेव म्हणतंय ना! आकडा बघ. एकशे दोन होता, तुझा फोन वाजेपर्यंत शंभरावर उतरला होता. तुझा कॉल कट झाला, आणि एकशे तीन झाला. कसला संशय आलाय त्याला, कारणं उघड बघू."

कारणांचं पान उघडलं. वर पहिलीच ओळ होती: 'रिकामे कॉल. एक रिंग, उत्तर नाही, संभाषण नाही. वारंवार. निष्कर्ष: लपलेला व्हायरस आपल्या धन्याला खूण देत असावा.' खाली सकाळपासूनची यादी. आईला एक रिंग. बाबलमामाला एक. दोन मैत्रिणींना एकेक. आणि त्या सगळ्यांच्या उलट रिंगा.

हेमांगी खुर्चीत बसली. राखणदाराला शिकवायला तिने परदेशातल्या लाखो फोनांच्या नोंदी घेतल्या होत्या. तिकडे मिस कॉल देऊन खुशाली कुणी कळवत नाही. तिकडे असा रिकामा कॉल करतो तो व्हायरसच. आणि ती स्वतः, जी रोज घरी पोचल्यावर आईला एक रिंग द्यायची, तिला ही गोष्ट एकदाही आठवली नव्हती. श्वास घेतल्याची नोंद कोण ठेवतं?

"म्हणजे मी जेवढे कॉल केले..."

"तेवढे रिकामे कॉल. वाळीत टाकलेल्या फोनात आवाज तरी जातो का?"

"नाही," ती म्हणाली. हे तिनेच ठरवलं होतं. कॉलने व्हायरस जागा होतो, म्हणून कॉल वेशीवरच अडवायचा. आपल्याला रिंग ऐकू येते, तिथे खोलीत शांतता. "सर, मी तिला उठवत नव्हते. मी तिच्यावर कड्या घालत होते."

ती रडायला लागली. सरांनी रडू दिलं नाही. "माका एक सांग. गप्प बसलो तर आकडा कसा उतरतो?"

"मिनिटाला एक. ऐंशीच्या खाली गेला की फोन आपोआप मोकळा."

"मग बसूया गप्प."

बोलायला सोपं. आईने लेकीला फोन न करता बसायचं! हेमांगीने स्वतःचा फोन पालथा ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. आकडा उतरत होता. शंभर. नव्व्याण्णव. प्रत्येक आकड्याबरोबर तिथे पंपातून एकेक थेंब पडत होता, हेही तिला दिसत होतं. आपण चुकलो तर? फोन मोकळा होईपर्यंत पोर थंड पडली तर? एखादा कॉल आत पोचलाच असता तर? हात मांड्यांखालून सुटू बघत होते.

चौऱ्याण्णववर आला आणि एकदम सत्त्याण्णव झाला.

"कोण? कोण करतंय?" ती ओरडली, आणि ओरडतानाच तिला कळलं. बाबल. तिनेच सांगितलं होतं, सारखा लावत राहा. तिने बाबलला फोन लावला. घाटात रेंज नव्हती. वळणावळणावर, जिथे मिळेल तिथे, तो शहाणा मोटरसायकल थांबवून भाचीला फोन लावत होता, जिवापाड मायेने. आकडा पुन्हा खाली आला, पुन्हा तीनने चढला. हेमांगीने डोकं टेबलावर आपटलं.

शेवटी बाबलचाच फोन आला. "ताई, मी लावतंय सारखो, पण ता उचलत नाय गो..."

"बाबल, तिला फोन करू नको! माझी शपथ आहे, एकही करू नको! नुसता जा!"

"अगो, पण तूच..."

"बाबल!"

"बरां, बरां," म्हणाला तो, आणि गेला.

मग खरंच शांतता झाली. नव्वद. सत्त्याऐंशी. धुरीसर उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. आयुष्यभर देवळाची पायरी न चढलेला माणूस पोरीसाठी गाऱ्हाणं घालत होता, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक राख..." हेमांगीच्या तोंडून आपोआप गावकऱ्यांचा होकार निघाला, "व्हय म्हाराजा."

त्र्याऐंशी. एक्क्याऐंशी. ऐंशी. तो ऐंशी काही हलेना. एक मिनिट एवढं लांब असतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

एकोणऐंशी. ठिपका हिरवा झाला. नोंदींच्या पानावर भराभर ओळी पडल्या. साखर: धोक्याच्या खाली. पंप: बंद. मोठा भोंगा: चालू.

"बंद केला पंप! भोंगा वाजतोय, सर! उठेल ती, त्या भोंग्याने मेलेला उठेल," आणि स्वतःच्याच शब्दाने दचकून तिने तोंडावर हात दाबला. दोघंही पडद्याकडे बघत राहिले. भोंगा: चालू. भोंगा: चालू. अर्धं मिनिट दुसरी ओळच येईना. मग आली. भोंगा: हाताने बंद केला.

हाताने! हेमांगी हुंदका देऊन हसली. आणि तेवढ्यात टेबलावर पालथा ठेवलेला तिचा फोन वाजला.

एक रिंग.

केतकी होती. बरी आहे म्हणून सांगत होती. हेमांगी डोळे पुसत त्या फोनकडे नुसती बघत राहिली, कारण ती रिंग उचलायची नसते. वीस वर्षांत कधी उचलली नव्हती. फोन थांबला तेव्हा सरांनी किंकाळी फोडली, "हेमा, उचलायचा होता गो!"

ठिपका लाल. संशयांक ब्याऐंशी.

हेमांगीला वाटलं, आता आपण इथेच संपणार. तिने झडप घालून फोन घेतला, उलट लावण्यासाठी बोट टेकवलंही, आणि सरांनी तिचं मनगट धरलं.

"थांब. डोकां चालव. संपर्क तुटला की पंप काय करतो?"

"शेवटचा आदेश..." ती थांबली. "शेवटचा आदेश चालू ठेवतो."

"आणि शेवटचा आदेश काय होता?"

तिने ओळ पुन्हा वाचली. पंप: बंद. फोनने तो आदेश केतकीने रिंग देण्याआधीच दिला होता. आता कितीही वाळीत टाका, पंप बंदच राहणार होता. ज्या नियमाने पोर मरायला टेकली होती, त्याच नियमाने ती आता सुरक्षित होती. फक्त काही खायला हवं होतं, आणि ते तिने खाल्लं की नाही, हे इथे बसून कळायला मार्ग नव्हता. विचारायला फोन करणं म्हणजे कडी आणखी घट्ट करणं. हेमांगीने फोन सरांच्या खिशात घातला आणि म्हणाली, "मला देऊ नका. मागितला तरी देऊ नका."

तिने मागितला. दोनदा मागितला. सरांनी दिला नाही.

बाबलचा फोन सरांच्या खिशातच वाजला. या वेळी तो वाजत राहिला. हेमांगीने सरांचा खिसा फाटेल अशा जोराने तो काढला.

"आसा, आसा! बरां आसा चेडू," बाबल धापा टाकत होता. "पांढरांफटक झालां, पण चिक्की खाता हा. घे, बोल."

"आई?" केतकीचा आवाज बारीक होता. तोंडात चिक्की होती आणि रडूही. "आई, मी उठले आणि आधी तुला रिंग दिली. तू उलट का नाही दिलीस गं? तू कधी असं करत नाहीस. मी सारखी बघत बसले. मला वाटलं, तुलाच काहीतरी झालं."

तिने सरांकडे बघितलं. सर खिडकीकडे तोंड करून उभे होते आणि चष्मा पुसत होते. 'लिहून घे' असं ते म्हणाले नाहीत.

"केतू," ती शेवटी म्हणाली, "तुझा फोन हातात घे. राखणदारवर जा. आणि अंगठा ठेव."

"काढून टाकू? तुझा राखणदार?"

"टाक काढून. मग मला फोन कर. आणि मी उचलेन, घाबरू नको."

पलीकडे बाबलचा फोन कट झाला. पडद्यावरचा लाल ठिपका विझला. मग तिचा फोन वाजला, आणि पहिली रिंग पुरी व्हायच्या आत हेमांगीने तो उचलला.