तीन रंधे, एक हात

तिसऱ्या रंध्याची मूठ धरली आणि आत्माराम तावडेंनी आधीचे दोन पुन्हा हातात घेतले.

पंधरा दिवसांत त्यांनी ऑनलाइन तीन जुने रंधे घेतले होते. विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे एक निर्मळच्या, दुसरा आगाशीच्या आणि तिसरा अर्नाळ्याच्या सुताराचा. तिघेही कैलासवासी, त्यामुळे चौकशीची सोय नव्हती. विमा कंपनीत तीस वर्षं खोटे दावे नाकारलेले आत्माराम 'शंभर वर्षांपूर्वीचा' एवढं वाचलं की मात्र विरघळत. "निवृत्त माणसं देवळात जातात, आमचे भंगारात," असं त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई चंदनसारच्या अख्ख्या सोसायटीला सांगत.

तिन्ही मुठींवर वर्षानुवर्षांच्या वापराने पडावेत तसे बोटांचे खळगे होते. पण खळगे तीनच. मधल्या बोटाची जागा तिन्हींवर कोरी, उंच.

तीन गावांचे तीन मेलेले सुतार. तिघांचंही मधलं बोट नव्हतं?

असा एकच हात आत्मारामांना माहीत होता. त्यांच्या रंध्यांना धार लावून देणाऱ्या काशीरामचा. त्याचं उजव्या हाताचं मधलं बोट करवतीत गेलं होतं. त्यांनी त्याच्या घरी फोन लावला. काशीरामच्या बायकोने, धोंडूबाईंनी उचलला.

"भाऊ, ते घरी नाहीत. एकवीस दिवस झाले."

दुपारी आत्माराम तिन्ही रंधे पिशवीत घालून खाडीकाठच्या त्या घरी पोचले. धोंडूबाई ओट्यावर बसल्या होत्या. शेजारी त्यांचा पुतण्या कल्पेश. सगळी धावपळ तोच करत होता.

"नाशकाला काम मिळालं म्हणून गेले, काका. पोचलेच नाहीत. पोलिसांत तक्रारपण मीच दिली," तो म्हणाला.

"नाशकाला जायचं होतं तर बीपीच्या गोळ्या घरी ठेवून जातील?" धोंडूबाईंनी फडताळाकडे बोट केलं. "एक दिवस चुकली तरी चक्कर येते त्यांना."

आत्मारामांनी एक रंधा त्यांच्या हातात दिला. मुठीवरून बोट फिरवताना त्या मध्येच थांबल्या. कोऱ्या जागेवर.

"हा ह्यांचाच हात हाय," त्या हळूच म्हणाल्या. "कल्पा, भाऊंना पानी दे."

कल्पेशने तांब्या पुढे केला. त्याच्या बोटांची टोकं काळी होती. आत्मारामांनी पाहिलं, तसा तो हसला.

"बाईकची चेन, काका. आत्ताच साबण लावून धुतले, तरी बघा."

तांब्याबरोबर आंबूस वास आला. रंधे पार्सलमधून काढतानाही असाच आला होता. तेव्हा आत्मारामांना तो जुनेपणाचा वास वाटला होता आणि आनंद झाला होता.

"उद्या सकाळी मी हे रंधे पोलिसांना दाखवतो," ते म्हणाले. त्या वेळी ओट्यावर तिघंच होती.

घरी पोचताच फोन वाजला. नंबर अनोळखी, आवाज तोंडावर कापड धरल्यासारखा.

"काका, रंधे भिंतीला टांगा, शोभेला. मिसेस रोज पहाटे एकट्याच फिरायला जातात ना?"

फोन बंद झाला. आत्मारामांनी दाराला आतून कडी घातली. मग ती लागली का हे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"कोण होतं?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"क्रेडिट कार्डवाले."

पहाटे त्या निघाल्या तेव्हा आत्मारामही बूट घालून मागे निघाले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच. सरोजिनीबाईंनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. परतल्यावर मात्र आत्मारामांनी त्यांना दार लावून घ्यायला सांगितलं आणि पोलीस चौकी गाठली.

दहा वाजता फौजदार प्रिस्का धोंडूबाईंच्या ओट्यावर होत्या. कल्पेशही.

"तक्रार कधी दिलीस?" प्रिस्कांनी विचारलं.

"वीस दिवस झाले, मॅडम."

"पावती?"

"घरी आहे."

"बरं झालं. कारण आमच्याकडे तक्रारच नाही."

कल्पेश धोंडूबाईंकडे बघायचं टाळू लागला. प्रिस्कांनी आत्मारामांकडे मान वळवली. त्यांनी पिशवीतून एक रंधा काढून ओट्यावर ठेवला.

"हे रंधे जुने नाहीत. बाभळीचे, नवे. लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये भिजवायचा, ते पाणी लाकडाला फासायचं. लाकूड शंभर वर्षांचं दिसतं आणि फासणाऱ्याची बोटं काळी होतात. चेनचं ग्रीस साबणाने उतरतं, कल्पेश. हे उतरत नाही. काल तूच म्हणालास."

"काका, कायपण बोलू नका."

"मी पोलिसांकडे जाणार हे काल फक्त दोघांना माहीत होतं. धोंडूबाई मला धमकावतील असं वाटत नाही."

"आणि मूठ?" प्रिस्कांनी विचारलं.

"झिजल्याचे खळगे मुद्दाम कोरलेत. गिऱ्हाइकाला चार बोटांचे लागतात. काशीरामने स्वतःच्या तीन बोटांचे कोरले, तिन्ही वेळा. त्याला चिठ्ठी पाठवता येत नव्हती, रंधा पाठवता येत होता. रंधे गोळा करणारा कुणी तरी बोट फिरवून बघेल, एवढीच त्याला आशा."

प्रिस्कांनी कल्पेशच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून घेतला आणि त्यातली शटरची किल्ली त्याच्यासमोर धरली. "कुठलं शटर?"



"कामणला," कल्पेश म्हणाला. "गोडाऊनच्या मागचा गाळा. मी त्याला जेवायला देत होतो."

"आणि गोळ्या?" धोंडूबाईंनी विचारलं.

प्रिस्कांनी त्याला दंडाला धरून जीपकडे नेलं.

कामणला शटर वर गेलं तेव्हा आतून खर्र, खर्र असा एकसारखा आवाज येत होता. बाभळीच्या ढलप्यांत घोट्यापर्यंत बुडालेला काशीराम रंधा ओढत होता. चेहरा सुजलेला. त्याने वर पाहिलं नाही. प्रिस्कांनी हाक मारली, तरी हात चालूच.

"थांबलो तर तो घरी जाईल," तो खाली बघूनच म्हणाला. "म्हातारी एकटी असते."

धोंडूबाई ढलपे तुडवत पुढे गेल्या आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवला. आणखी दोन वेळा रंधा त्या दोघांच्या हाताखाली पुढे सरकला.

मग थांबला.