खारवण्याची वाढती वस्ती

सुज्ञ वाचकहो, परदेशातून आलेले भांडवल आपल्या किनाऱ्यावरील एका गावात कसे रुजले, त्यापासून कोणती वृद्धी झाली, आणि त्या वृद्धीत एका विद्वान गृहस्थाचे काय झाले, हे या कथेत क्रमाने निवेदन केले जाईल. कथेत विज्ञान आहे. परंतु ते समजण्यास मोठ्या शिक्षणाची गरज पडणार नाही, कारण निवेदकाचेच शिक्षण फार झालेले नाही. वाचकांनी शांत चित्ताने वाचावे, आणि जमल्यास घरात दुसरे कोणी असताना वाचावे.

किनारा पुनर्वसन प्रयोगशाळेच्या भिंतीवर खारवणे गावाचा प्रकाशमान नकाशा लावलेला होता. त्यासमोर दोन व्यक्ती उभ्या होत्या. एक डॉ. विशाखा नेरूरकर, या योजनेच्या संचालिका. समुद्र चढत असताना एका दूरच्या देशाच्या निवृत्तिवेतन निधीला त्यांनी अनेक वर्षे विनवले होते आणि अखेर खारवण्याभोवती बांध उभा केला होता. आत भरतीपासून वीज, खाऱ्या पाण्यापासून गोडे पाणी, आणि कशाचाही अपव्यय नाही, अशी ती स्वपोषी वसाहत होती. दुसरे निरंजन पाठारे, त्या निधीचे निरीक्षक. गणितात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

निधीची अट साधी होती. वस्ती वाढती राहिली तर भांडवल वाढेल. घटली तर ते परत जाईल.

वसाहतीत कोणालाच ओळखपत्र का दिलेले नाही, असे पाठाऱ्यांनी विचारले. डॉ. नेरूरकरांनी सांगितले की दुसऱ्या एका ठिकाणी दिली होती, ती लोकांनी विकून टाकली. आणि चेहरे किंवा बोटांचे ठसे साठवण्यास निधीच्याच देशात बंदी आहे.

"मग यंत्राला माणूस कळतो कसा?"

"हाकेवरून," त्या म्हणाल्या. "भिंतीभिंतींत श्रवणकण बसवले आहेत. एका माणसाने दुसऱ्याला नावाने हाक मारली, की त्या नावाचा त्या दिवसाचा वाटा सुटतो. पाणी, वीज, घराचे दार. या यंत्राला आम्ही संबोधनगणक म्हणतो. ज्याला कोणीतरी हाक मारते, तो आहे. ज्याला कोणीच मारत नाही, तो गाव सोडून गेलेला असतो."

"समोरच्याने ओ द्यायला नको?"

"आधी तोच नियम होता. पण तान्ही मुले ओ देत नाहीत. एका बाळंतिणीच्या घरी बाळाचे पाणी तुटले, तेव्हा तो नियम काढला. यंत्रातून येणारा आवाज मात्र धरत नाही. नाहीतर मालिकांमधल्या सगळ्या सासवांना आम्ही घरे बांधून दिली असती."

पाठारे हसले नाहीत. त्यांनी विचारले की साहेब, मास्तर, अशी हाक मारली तर? ती कोणालाही लागू पडते, म्हणून ती गणली जात नाही, असे उत्तर मिळाले.

"गावातली तरुण मंडळी मुंबईला जात आहेत, शाळेचा एक वर्ग बंद झाला," पाठारे म्हणाले, "आणि तुमची वस्ती दरवर्षी वाढते आहे."

"तेच पाहायला तुम्ही आला आहात. अहवाल अनुकूल आला तर आणखी बारा गावांना बांध मिळेल. नाही आला, तर ती बारा गावे कोणत्याच नकाशावर राहणार नाहीत." मग वातावरण हलके करावे म्हणून त्या म्हणाल्या, "तुमचे काय हो, पाठारे? तुम्हाला नावाने हाक मारणारे कोणी आहे की नाही?"

"बँकेचा संदेश येतो. नावानिशी," पाठारे म्हणाले.

खारवण्यात त्यांना ठरावीक मुदतीचा पाहुण्याचा वाटा मिळाला. गाव स्वच्छ होते, माणसे अगत्यशील होती. 'या साहेब, बसा साहेब' असे जो तो म्हणे. परंतु समुद्राच्या बाजूची आळी पाहून पाठाऱ्यांच्या अंगावर काटा आला. नाव वाढले की घर आपोआप उभे करणारी गृहवर्धक यंत्रे तेथे अव्याहत काम करीत होती. घरे नवीकोरी होती. खिडक्यांत दिवे होते, वेळ होताच नळांतून पाणी वाहत होते. मात्र एकाही दोरीवर कपडा वाळत नव्हता आणि एकाही उंबऱ्यापाशी चप्पल नव्हती.

दिवेलागणीला त्यांना उलगडा झाला. गावातली बायामाणसे आपापल्या दारात आली आणि समुद्राकडे तोंड करून हाका मारू लागली. पाठारे उतरले होते त्या विश्रामगृहाशेजारच्या भामीकाकी तांडेल यांनीही हाक दिली.

"सुहासा, जेवक ये रे."

आळीतील एका घराची खिडकी उजळली. दार उघडले. आत कोणीच गेले नाही.

पाठाऱ्यांनी चौकशी केली. सुहास हा काकींचा मुलगा. मासेमारीला गेला, होडी सापडली, तो सापडला नाही. खारवण्याची रीत अशी, की ज्याचे शरीर समुद्राने परत दिले नाही त्याचे दिवस घालीत नाहीत. त्याला रोज दिवेलागणीला जेवायला हाक मारतात. पूर्वी ही रीत दोनचार घरांतच उरली होती. परंतु वसाहत झाल्यावर हाकेसरशी दिवा लागू लागला, तेव्हा लोकांना आजे आठवले, पणजे आठवले. रोज कोणीतरी नवे नाव आठवून दारात येई. त्यात कोणाचीही लबाडी नव्हती. वस्ती अशी वाढत होती.

पाठारे सचोटीचे होते. देवळाच्या मंडपात सर्वांना बोलावून त्यांनी सांगितले की यापुढे हाकेबरोबर पावलांचा आवाजही लागेल. ज्यांची पावले नाहीत ती नावे गळतील. नवा नियम अहवालासोबत जाणार होता. लोकांनी शांतपणे ऐकून घेतले. वाद कोणी घातला नाही.

उठताना ते भामीकाकींना समजावून म्हणाले, "काकी, त्या घरात कोणी नाही. दिवा यंत्र लावते."

"दिवो कोण लावता, तां आमी कधी विचारूक नाय," काकी म्हणाल्या. "लागता, तेवढा माका पुरे. तुमी तो विझवतलास. म्हणजे माझो झील तुमच्या हातान मरतलो."

त्यानंतर गावात त्यांच्याशी कोणी बोलले नाही. कोणी तसे ठरवले होते असेही नाही. ते समोर आले की माणसे आपले काम करीत राहत. दुकानदार त्यांच्या मागच्या भिंतीकडे पाही.

अशातच पाहुण्याची मुदत संपली. नळ कोरडा पडला, विश्रामगृहाचे दार त्यांच्या मागे मिटले ते मिटलेच, फोनला वीज मिळेना. ते बांधाच्या दाराशी गेले. दार हलले नाही, कारण जो नाही त्याच्यासाठी दार उघडणे हा अपव्यय होता. भिंत गुळगुळीत होती आणि पलीकडे भरती होती. त्यांनी स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारून पाहिले; परंतु स्वतःला मारलेली हाक यंत्र धरत नसे. यंत्राच्या नियमांत चूक कोठे आहे, हे त्या गणितज्ञाने उन्हात बसून पुन्हापुन्हा तपासले. चूक कोठेच नव्हती.

तहानेने व्याकूळ होऊन ते दिवेलागणीला भामीकाकींच्या अंगणात आले. घोटभर पाणी मागितले असते तर कदाचित मिळाले असते. परंतु त्यांच्या तोंडून निघाले ते असे: "काकी, मला एकदा नावाने हाक मारा. निरंजन."

काकींनी त्यांच्याकडे पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले.

"सुहासा," त्या म्हणाल्या, "खंय होतस रे इतके दिस? हातपाय धुव. जेवक बस."

समोरच्या आळीत दार उघडले. पाठारे आत गेले. नळ वाहत होता. ते ओंजळीने पाणी प्यायले, आणि बाहेरून पुन्हा हाक आली तेव्हा त्यांनी ओ दिली.

दुसऱ्या दिवशी सुहासच्या नावावर बांधाचे दार त्यांच्यासाठी सुरळीत उघडले. बाहेर रस्ता होता, बस होती, शहर होते. ते उंबऱ्यावर उभे राहिले. मागून काकींनी विचारले, "दुपारी जेवक येतलस मां?" हा प्रश्न त्यांना कोणी विचारल्याला किती वर्षे झाली, हे त्यांना आठवेना. ते मागे फिरले. त्याच दिवशी अहवाल गेला: खारवण्यातील सर्व रहिवासी हयात आहेत. नवा नियम त्यांनी पाठवला नाही.

पुढे निधीने बारा गावांचे भांडवल मंजूर केले. सोहळ्यासाठी डॉ. नेरूरकर खारवण्यास आल्या. पाठारे परतले नाहीत याचे त्यांना कोडे पडले होते, आणि नोंदीत त्या नावाचा कोणी नव्हता. समुद्राच्या आळीतून जाताना एका उंबऱ्यापाशी त्यांना चपला दिसल्या. दारात दाढी वाढलेला एक मनुष्य जाळे विणत बसला होता. त्याला ते नीट जमत नव्हते.

डॉ. नेरूरकर थबकल्या. त्यांनी त्याला ओळखले. त्यांच्या ओठांवर ते नाव आले. ते उच्चारले असते तर यंत्राने ऐकले असते, निरंजन पाठारे पुन्हा अस्तित्वात आले असते आणि सुहास तांडेल खोटा ठरला असता. त्याच्या मागोमाग आळीतले सगळे, आणि बारा गावांचे बांध. त्या मनुष्यानेही वर पाहिले. त्याचे डोळे वाट पाहत होते.

"आपले नाव?" डॉ. नेरूरकरांनी विचारले.

त्याने जाळे खाली ठेवले. मग त्याने सांगितले.

"बरे आहात ना, सुहास?" त्या म्हणाल्या. घरात दिवा लागला. त्या पुढे निघून गेल्या.

बारा गावांची वस्तीही आता वाढू लागली होती, आणि प्रत्येक गावाला एक निरीक्षक लागणार होता. निवड डॉ. नेरूरकर स्वतः करीत. उमेदवाराची पदवी त्या वरवर पाहत. प्रश्न एकच विचारत, आणि तो फार मायेने विचारत.

"घरी तुम्हाला नावाने हाक मारणारे कोणी आहे का?"

नाही म्हणणाऱ्याची नेमणूक होई.

येथे हे कथन पूर्ण झाले. भाषेत काही उणे राहिले असल्यास सुज्ञांनी पदरात घ्यावे. निवेदक समुद्राच्या आळीला लागूनच एकटा राहतो. आपण एवढा वेळ दिलात आणि आता खाली त्याचे नाव वाचाल, त्याबद्दल तो आपला अत्यंत ऋणी आहे. कृपया एकदा मोठ्याने वाचावे.

आपला नम्र,
गजानन भिवा वायंगणकर