एच-फोरची मागणी

"आणि या ताई? तुम्ही पण चला की," पिकअपच्या खिडकीतून कोपर बाहेर काढून तो म्हणाला. तृप्तीने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

गिरणारे नाक्यावर डिसेंबरचं धुकं अजून विरलं नव्हतं. पेठ-सुरगाण्याकडून जीपा भरून आलेल्या बायका डोक्याला फडकी बांधून रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या आणि द्राक्षबागायतदार गाड्या थांबवून रोजाची बोलणी करत होते. तृप्ती आली होती ती फक्त कुसाआत्याला सोडायला. आत्या आदल्या दिवशी भावाकडे, म्हणजे तृप्तीच्या घरी, नाशिक रोडला मुक्कामी होती. थंडी म्हणून तृप्तीने आत्याचीच शाल अंगाभोवती गुंडाळली होती, आणि आता ती त्या घोळक्यातलीच एक दिसत होती.

"मी?"

"हो. विरळणी आहे. घडातले जास्तीचे मणी काढायचे. कात्री आमची, चहा आमचा."

"ती नाय यायची, भाऊ," आत्या हसत म्हणाली. "सायेब हाय ती."

पण तृप्ती पहाटेच एक मेल वाचून तापलेली होती. तिला कुणाशी तरी भांडायचंच होतं.

"एक विचारू?" ती पुढे झाली. "मालक पटला नाही, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या बागेत जाता येतं?"

"येतं की. कोण अडवतंय?"

"सरकारला विचारावं लागत नाही?"

"सरकार कशाला येतंय विरळणीत?"

"मग तुमच्याकडे बरं आहे. मी जिथे काम करते, तिथे मालक सुटला की देश सुटतो."

तो गाडीतून खाली उतरला.

"एच-वन व्हिसा?"

तृप्तीने चमकून मान हलवली.

"मी सिएटलला असतो," तो ओशाळून म्हणाला. "अश्विन. भावाच्या लग्नाला आलोय. वडिलांचे गुडघे धरलेत, म्हणून नाक्यावर मी. तुम्ही?"

"न्यू जर्सी."

"आणि मी तुम्हाला..."

"विरळणीला बोलावलंत. काय बघून? चेहरा?"

प्रश्नाला धार होती, आणि ती त्याला कळली.

"शाल बघून," तो म्हणाला. "चूक झाली. चेहरा बघितला तो नंतर... आणि तो कामासाठी नाही."

बायका खुसखुसल्या. आत्याने तृप्तीला कोपराने ढोसलं. "चल गं, तृप्ते. बघू तरी याची बाग."

ती गेली. रागाच्या भरात गेली, असं ती दिवसभर स्वतःला सांगत राहिली.

*

मांडवाखाली हिरवा, गार उजेड होता. पानांवरचं दव मानेवर ठिबकत होतं आणि हवेला गंधकाचा वास होता. तृप्तीने पहिला घड हातात घेतला, चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि कोणते मणी जायला हवेत ते आधी ठरवलं. मग कात्री लावली.

"प्रयोगशाळेत असता का?" शेजारच्या ओळीतून अश्विनने विचारलं.

"कशावरून?"

"इथे सगळे आधी कापतात आणि मग विचार करतात."

ती रसायनशास्त्रातली होती. औषधांत नको ते किती उतरलंय हे मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्रावर शोधायचं, हे तिचं काम. कात्री चालवता चालवता तिने त्याला सगळं सांगितलं. पहिल्या कंपनीने तिचा विभाग विकून टाकला आणि माणसांना घरी पाठवलं. व्हिसा कंपनीच्या नावाला बांधलेला. त्यामुळे रडायलाही सवड नव्हती. धावपळ करून तिने दुसरी कंपनी शोधली, व्हिसाचे कागद मंजूरही झाले. राहिला होता तो पासपोर्टवरचा नवा शिक्का. त्यासाठी मायदेशी यावं लागतं, म्हणून परतीचं तिकीट काढून ती आली. आल्यावर दोन ओळींची मेल मिळाली, की मुलाखतीची तारीख पुढे गेली. किती पुढे, तर उन्हाळ्यात.

"आणि आज नव्या कंपनीची मेल," ती म्हणाली. "जागा राखून ठेवतील म्हणे. पण हुद्दा एक पायरी खालचा. शिवाय तीन वर्षांच्या आत सोडून गेले, तर व्हिसाचा सगळा खर्च मी भरून द्यायचा. शुक्रवारपर्यंत सही हवी."

"करून टाका ना. सगळेच करतात."

कात्री थांबली. "सगळे म्हणजे कोण?"

"मी केली होती. पहिल्या नोकरीत."

"मग?"

"मग तीन वर्षं बॉसच्या प्रत्येक विनोदावर हसलो."

"चांगले होते?"

"एकही नाही."

तिला हसायचं नव्हतं. हसू आलंच. मग ते ओसरलं आणि राग पुन्हा वर आला.

"मी अडकले नसते, तर हा कागद मला आलाच नसता. माझं काम तेच, डोकं तेच. फक्त मी इथे आणि दार बंद. म्हणून माझी किंमत उतरली. याला तुम्ही सगळे करतात म्हणता?"

अश्विन पुन्हा घडाकडे वळला. पण दुपारी चहा देताना त्याने तिच्या हातात सगळ्यात गरम पेला दिला, आणि तिच्या केसांत अडकलेलं वाळकं पान काढायला हात पुढे केला... तो तसाच मागे घेतला. नुसतं बोट दाखवलं.

"डावीकडे."

"तुम्हीच काढा. तुमच्याच बागेचं आहे."

*

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. आत्याला कळलं. ती मुद्दाम लांबची ओळ धरू लागली.

"तू इथे मजुरी करतेस, हे तुझ्या कंपनीला कळलं तर?" अश्विन मांडवाच्या तारेला लटकत विचारी.

"कळू दे. मी माझ्या देशात आहे. इथे मी घड कापीन, नाहीतर रिक्षा चालवीन. केवढी चैन आहे, माहितीये?"

"रिक्षा चालवलीस तर मी पहिलं गिऱ्हाईक."

"तुझ्याकडे सुट्टे नसतात."

तो कात्री चालवताना जीभ किंचित बाहेर काढतो, हे तिच्या ध्यानात आलं होतं. ती बोलायची थांबली की तो पानांच्या फटीतून डोकावतो, हेही. रात्री घरी हाताला द्राक्षाच्या पानांचा तुरट वास राहायचा, आणि तो धुऊन टाकायला तिचं मन व्हायचं नाही.

गुरुवारी तो आला, तो भलत्याच उत्साहात. डोळे तांबारलेले, केस विस्कटलेले.

"मला एक सुचलंय," तो म्हणाला. "आपण लग्न करू."

तृप्तीच्या हातातली कात्री घडात तशीच राहिली. छातीत काहीतरी उसळलं, आणि ती हसणारच होती...

"म्हणजे बघ ना," तो पुढे म्हणाला, "एच-फोर. माझी बायको म्हणून येशील. डिपेंडंट. मग त्या कंपनीची गरजच नाही. मी सगळं वाचून काढलंय."

उसळलेलं जिथल्या तिथे थिजलं.

"आणि तिथे मी काय करू? एच-फोरवर नोकरी करता येत नाही."

"थोडे दिवसच गं. आराम कर. इतकी वर्षं राबलीस."

"आराम," तृप्ती म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत झाला. शेजारच्या ओळीतल्या बायकांच्या कात्र्या थांबल्या. "आणि तुझी नोकरी गेली तर?"

"जाईल कशी?"

"माझीही जाणार नव्हती. तुझी गेली की माझं तिथलं राहणं गेलं. तुझ्याशी बिनसलं, तरी गेलं. आज मी कंपनीच्या नावाला बांधलेली आहे, उद्या तुझ्या. म्हणजे आता तुझ्या विनोदांवर हसायचं."

"तृप्ती, मी मदत..."

"आणि एच-फोरलाही तीच रांग आहे, अश्विन. तीच तारीख. तेवढं तरी वाचायचंस." तिने कात्री क्रेटवर ठेवली. "तू मला मागणी घातलीस, की अर्ज भरलास?"

ती उत्तरासाठी थांबली नाही.

स्कूटरवर मागे बसलेल्या आत्याने बराच वेळ कळ काढली. मग न राहवून विचारलं, "काय म्हनला?"

"लग्न कर म्हणाला."

"मंग? पोरगा वाईट नाय."

"मी आवडते, असं म्हणाला नाही, आत्या. एकदाही नाही."

आत्याने वाऱ्यात उडणारा पदर खोचला. "मंग चुकलंच त्याचं," ती म्हणाली. "ते आधी म्हनायचं व्हतं."

*

शुक्रवारी संध्याकाळी कंपनीच्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. पलीकडच्या खोलीत बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. आई मेथी निवडत दाराशी बसली.

"एकच विचारायचंय," तृप्ती इंग्रजीत म्हणाली. "हा करार तुम्ही तिथे बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांना दिलाय का?"

बाई गोड हसल्या. हा खास तिच्या परिस्थितीतल्या लोकांसाठी आहे, म्हणाल्या.

"परिस्थिती माझी आहे, आणि फायदा तुम्ही घेताय. कागद मंजूर झाले तेव्हा माझा हुद्दा ठरलेला होता. त्याच हुद्द्यावर मी उद्या इथून कामाला लागते. या कागदावर सही करणार नाही."

बाईंचं हसू मावळलं. मग कंपनीला तिचा अर्ज मागे घ्यावा लागेल, याचा अर्थ तिला कळतोय ना?

"पुरता कळतोय," तृप्ती म्हणाली.

पडदा काळा झाला. दहा वर्षांचं शिक्षण, राबणं, बर्फातून बसथांब्यापर्यंत चालणं... सगळं त्या काळ्या पडद्यात गेल्यासारखं वाटलं.

"एवढं इंग्रजी मला कळलं नाही," आई म्हणाली. "पण ओरडली नाहीस, ते बरं केलंस."

"ओरडले असते तर बरं वाटलं असतं."

"मग आता ओरड. शेजारचे गावाला गेलेत."

तृप्ती ओरडली नाही. आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती मेथीच्या वासात रडली.

सोमवारी ती अंबडच्या एका तपासणी प्रयोगशाळेत जाऊन उभी राहिली. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांत फवारणीच्या औषधांचा अंश किती राहिलाय, ते तिथे तपासत. यंत्र तेच, तिच्या हातचं. तिथले साहेब पगाराचं बोलू लागले, तर तिने त्यांना मध्येच थांबवलं.

"सोडून जायचं झालं तर?"

"एक महिना आधी सांगा."

"बस?"

"अजून काय पाहिजे?" ते गोंधळले. समोरची मुलगी डोळे का पुसतेय, हे त्यांना काही केल्या कळेना.

*

अश्विनचा फोन आला तो त्याच्या जायच्या दिवशीच.

"मी स्टेशनला निघालोय. तू कामावरून घरी, आत्यांनी सांगितलं. रस्ता एकच आहे... रिक्षात जागा आहे."

ती 'नको' म्हणणार होती. म्हणाली, "प्रयोगशाळेच्या गेटपाशी ये."

द्वारका चौकात रिक्षा अडकली. चारी बाजूंनी बस, ट्रक, दुचाक्या. संध्याकाळचा धूर आणि भाजलेल्या कणसांचा वास. अश्विन बॅग मांडीवर घेऊन बसला होता. विरळणीवाल्या बायकांनी त्याला आठवडाभर काय काय ऐकवलं असावं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"सही नाही केलीस?"

"नाही."

"बरं केलंस." तो थांबला. "आज मी काही सोडवायला आलेलो नाही. माझ्याकडे कसलाच उपाय नाही."

"बरं."

"तू मला आवडतेस. खूप... आवडतेस. तू भांडतेस ना, तेव्हा मला माझीच लाज वाटते, आणि तरी वाटतं की हिने अजून भांडावं. त्या दिवशी तू मांडवातून गेलीस आणि मला एक घड धड कापता आला नाही." त्याने बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला. "एवढंच. पुढे काही जोडलेलं नाही."

तृप्ती बाहेर बघत राहिली. आरशातून रिक्षावाला तिच्याकडे बघत होता.

"मी नोकरी सोडून इथेच राहू का?" अश्विनने हळूच विचारलं.

"नको." ती त्याच्याकडे वळली. "माझ्यासाठी काही सोडलंस, तर आयुष्यभर तुझं ऋण फेडत बसावं लागेल. मला कुणाचं डिपेंडंट व्हायचं नाही, अश्विन. कुणाला करायचंही नाही. तुला तुझ्यासाठी यावंसं वाटलं, तर ये. मला जावंसं वाटलं, तर मी माझ्या कागदावर येईन."

"आणि तोवर?"

"तोवर रोज फोन कर. आणि उपाय सुचले, तर ते सांगू नकोस."

तो हसला. मोकळा, पहिल्यांदाच. तिने त्याच्या बोटाला गुंडाळलेला पट्टा सोडवला आणि ते बोट आपल्या मुठीत धरलं.

"तू पण म्हण ना," तो म्हणाला.

"काय?"

"ते... मी म्हटलं ते."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. रिक्षा जागची हलली नाही.

"ताई, म्हणून टाका," रिक्षावाला आरशात बघत म्हणाला. "मागचे शिव्या देतायत."

तृप्ती पुढे झुकली आणि अश्विनच्या कानाशी तोंड नेऊन, हॉर्नच्या वर ऐकू जाईल असं, म्हणाली. सावकाश म्हणाली, एकही शब्द न गाळता. तोवर सिग्नल पुन्हा लाल झाला होता, आणि रिक्षातल्या तिघांपैकी कुणालाही त्याचं वाईट वाटलं नाही.