सगळ्यात लहान खेळाडू

नव्या खेळाचं खोकं उघडलं की एक वास येतो. पुठ्ठ्याचा, ओल्या शाईचा, थोडा लाकडाचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत आमच्या रविवारच्या दुपारींना तो वास होता. नवऱ्याचा ऑफिसातला मित्र यायचा, माझी कॉलेजातली मैत्रीण यायची. जेवणाच्या टेबलावर पट मांडला जायचा आणि कपातला चहा निवून साय धरायचा. भांडणं खरीखुरी व्हायची. मैत्रीण एकदा हरल्यावर तणतणत निघून गेली, आणि जिन्यातून परत आली, कारण चपला राहिल्या होत्या. आल्यासरशी म्हणाली, "मांडा परत."

मग मुलगी झाली. सोंगट्या, फासे, लाकडी नाणी, सगळं तिच्या घशात अडकलेलं मला दिसायला लागलं. मी खोकी माळ्यावर टाकली. मित्राची बदली झाली, मैत्रीण दुसऱ्या देशात गेली. वास गेला.

मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा मी पुन्हा खोकी शोधायला लागले. नवी नव्हे, कुणीतरी वापरलेली. जुन्या खेळांची देवघेव करणारा एक ग्रुप आहे फोनवर. त्यात मी घारीसारखी नजर ठेवून असते. फोटोत खोक्याचा कोपरा फुगलेला दिसला की समजायचं, ओल लागली आहे. "बहुतेक सगळे तुकडे आहेत" असं लिहिलं असेल तर नेमका महत्त्वाचा तुकडा गेलेला असतो. नवरा म्हणतो, "तू माझं स्थळ बघतानासुद्धा एवढं पारखलं नव्हतंस."

"म्हणून तर आता शिकले," मी म्हणते.

एका सकाळी होड्यांचा खेळ दिसला. छापणं कधीच बंद झालेला, लोक हात धुऊन ज्याच्या मागे लागतात असा. किंमत एवढी कमी की मला वाटलं एखादं शून्य राहिलं. खाली लिहिलं होतं, 'पूर्ण आहे. लहान मूल असलेल्या घरालाच द्यायचा आहे.'

दुपारी मी घ्यायला गेले. दार उघडणाऱ्या बाई माझ्या आईच्या वयाच्या. घर लखलखीत. त्यांनी न सांगताच खोकं उघडून दाखवलं. प्रत्येक रंगाच्या होड्यांना हाताने शिवलेली वेगळी पिशवी. चार पिशव्यांच्या नाड्या कोऱ्या होत्या. पिवळ्या पिशवीची नाडी मात्र हाताळून हाताळून लोण्यासारखी मऊ झाली होती.

त्यांच्या जेवणाच्या टेबलापाशी एका खुर्चीवर दोन उशा एकावर एक ठेवलेल्या होत्या. वरच्या उशीला मधोमध खळगा.

"नातवंडं आहेत का?" मी विचारलं.

"नाही."

"इतका स्वस्त का देताय, काकू?"

"खेळायला आता आमच्यात कुणी उरलं नाही." मग त्या माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, "तुमच्या घरात सगळ्यात लहान कोण?"

"मुलगी. एकुलती एक."

"वाढ चांगली आहे ना तिची?"

"विचारू नका! वर्षात दोनदा बूट घ्यावे लागतात."

"छान," त्या म्हणाल्या आणि खोक्यावरचा हात काढला.

मुलीला आम्ही मुंगी म्हणतो. दिसेल तो बारीक तुकडा उचलून कुठेतरी नेऊन ठेवायची सवय. तिच्यासमोर मी पहिल्यांदा होड्या ओतल्या तेव्हा तिचे डोळे माझ्या मैत्रिणीसारखे चमकले. मी नियम वाचला, "सगळ्यात लहान खेळाडूने सुरुवात करावी. चला मुंगीबाई, उचला होडी."

तिने उचलली नाही. ती खिडकीजवळच्या चौथ्या खुर्चीकडे बघत होती. खुर्चीवर इस्त्रीचे कपडे होते.

"मी नाही लहान. तो आहे."

"कोण गं?"

"पिवळा."

नवऱ्याने मला डोळा मारला. "या पिवळेसाहेब, बसा. कपडे सरकव गं, साहेबांना जागा दे."

मुंगीने सोफ्यावरची उशी आणून त्या खुर्चीवर ठेवली. पिवळ्या होड्या मांडल्या, खुर्चीकडे कान नेला आणि एक होडी थेट उथळ पाण्यात नेऊन रुतवली. "त्याला अजून कळत नाही," ती मोठ्या माणसासारखी म्हणाली.

मी कॉलेजात मानसशास्त्र घेतलं होतं. एकट्या मुलांच्या काल्पनिक सवंगड्यांवर निबंध लिहून चांगले मार्क मिळवले होते. मला काळजी वाटली नाही. उलट, टेबलाभोवती पुन्हा चौघं झाली होती. दुपारी पुन्हा चहा निवायला लागला. नवरा हरला की पुन्हा पूर्वीसारखा वाद घालायला लागला. ते महिने मी आजही जपून ठेवलेत. तसं हसणं आमच्या घरात परत आलं नाही.

पिवळा हळूहळू सुधारला. होड्या रुतवेना. मग वाट अडवायला लागला. एका दुपारी त्याने माझ्या दोन्ही होड्यांना अशी बगल दिली की नवरा हसता हसता थांबला.

"ही चाल तुला कुणी शिकवली?"

"मला कुठे येते? त्याची आहे," मुंगी म्हणाली.

पुढे कधीतरी तिने त्या खुर्चीवरची उशी काढून सोफ्यावर टाकली. "आता नको त्याला. पोचतो."

त्या दिवसापासून ती पिवळ्या होड्यांना हात लावेना. मी पाणी प्यायला उठून परत आले की होडी पुढे गेलेली असायची. मला वाटायचं नवऱ्याने सरकवली. नवऱ्याला वाटायचं मी. आम्ही एकमेकांना विचारलं ते फार उशिरा.

शाळा सुरू झाली. मुंगीचे फ्रॉक मी नेहमी वाढत्या अंगाचे शिवून घेते, खाली चांगली वीतभर दुमड ठेवून. दुमड सोडायला काढली आणि फ्रॉक तिच्या अंगाला लावला. सोडायची गरज नव्हती. बूटही तेच बसत होते.

"पैसे वाचले," नवरा म्हणाला. मग माझा चेहरा पाहून डॉक्टरांचा नंबर शोधायला लागला.

डॉक्टरांनी तपासलं. रक्त ठीक, हाडं ठीक. "काही मुलं मध्ये थांबतात. वाट बघा."

मी वाट बघत होते आणि तिच्या पायांकडे बघत होते. खुर्चीवर बसल्यावर आधी तिची बोटं जमिनीला टेकायची. आता पाय ताणूनही टेकत नव्हती.

खिडकीजवळची खुर्ची टेबलापासून लांब सरकलेली असायची. गुडघे मावायला सरकवतात तशी. मी आत ढकलायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा लांब.

मी होड्यांचं खोकं बांधलं आणि काकूंकडे परत द्यायला गेले. दाराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, "त्या गेल्या सोडून. लेकीला घेऊन."

"लेक केवढी आहे त्यांची?"

शेजारी घुटमळले. "तशी मोठी असावी," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

खोकं मी तिथेच जिन्यात ठेवून आले.

घरी येताना दुकानातून नवा खेळ घेतला. पूर्ण किमतीला. वरचं प्लास्टिक मी स्वतः फाडलं. तोच वास आला, आणि मला रडू फुटेल असं वाटलं. टेबलावर आम्ही तिघंच. चौथी खुर्ची मी गॅलरीत नेऊन ठेवली होती.

नियम वाचताना माझा आवाज अडखळला. इथेही तेच होतं. सगळ्यात लहान खेळाडूने.

मुंगीने झटकन फासे उचलले. "मी!"

नवऱ्याने टाळी वाजवली. कितीतरी महिन्यांनी तिने पहिली पाळी घेतली होती.

"गेला वाटतं तुझा पिवळा," मी शक्य तितक्या सहज म्हणाले.

"नाही गं आई." ती फासे खुळखुळवत होती. "तो मोठा झाला. आता मीच लहान."

गॅलरीतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. नवऱ्याने मान वळवली नाही. मीही नाही.

मुंगी उतरली. सोफ्यावरची उशी आणून तिने आपल्या खुर्चीवर ठेवली आणि वर चढून बसली. हनुवटी टेबलाच्या कडेशी आली. तिने हात लांब करून पाहिला. पट लांबच राहिला.

"आई," ती म्हणाली, "अजून एक उशी दे ना."