दोनशे सत्तेचाळीस नंबर

नोरीनने बेसबॉल कार्डांच्या गठ्ठ्याचं रबरबँड ताडकन ओढून काढलं, तेव्हा टेबलापलीकडच्या माणसाने डोळे गच्च मिटले, जणू कुणी त्याच्याच कानाखाली वाजवली होती.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. चालू द्या. मी बघत नाही."

"दुखलं का तुम्हाला?"

"मला नाही, त्याला." त्याने वरच्या कार्डाकडे बोट दाखवलं. बॅट खांद्यावर टाकून हसणारा जुना बेसबॉलपटू, आणि त्याच्या दोन्ही कडांना रबराने पाडलेल्या खाचा. "सत्तर वर्षं धड राहिला बिचारा. कार्डांना रबर लावत नाहीत हो."

"मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. सांगणारा माणूस नोव्हेंबरात गेला होता... पण ते ती बोलली नाही.

जानेवारीतला रविवार होता. अमेरिकेतल्या स्क्रॅन्टन गावच्या अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये महिन्याचा कार्डबाजार भरला होता. मागच्या बाजूला बायका लोण्यात कांदा घालून पिरोगी, बटाट्याच्या सारणाच्या पोलिश करंज्या, परतत होत्या, बाहेर गारा खिडक्यांवर तडतडत होत्या. नोरीनने वडिलांच्या पाकिटात सापडलेली यादी टेबलावर उलगडली. त्यांच्या लहानपणच्या एका वर्षी निघालेल्या कार्डांचा सगळा संच ते जमवत होते. मिळालेला प्रत्येक नंबर पेन्सिलीने खोडलेला. उरला होता एकच, दोनशे सत्तेचाळीस.

तो माणूस यादीकडे बघतच राहिला. "हे तर मॅलकी ड्युगनांचं अक्षर."

"तुम्ही ओळखायचात त्यांना?"

"सहा वर्षं. दर महिन्याला त्याच खुर्चीत बसायचे, तुम्ही बसलाय ना, तिथे. कळलं मला. फार वाईट वाटलं. मी वेस पोलास्की. आणि तुम्ही नोरीन. शाळेची लायब्ररी सांभाळता आणि कोबीला हात लावत नाही."

"बापरे. अजून काय काय सांगितलंय त्यांनी?"

"बरंच. पण ते एका भेटीत संपवण्यासारखं नाही."

ती हसली. कित्येक आठवड्यांनी हसली, हे तिचं तिलाच जाणवलं.

वेसने डब्यातून एक कार्ड काढलं. हँक वोयचेक, दुसऱ्या बेसचा खेळाडू, नंबर दोनशे सत्तेचाळीस. "हे घ्या. म्हणजे... घेऊ नका."

"का?"

"कोपरे मऊ पडलेत. चित्र डावीकडे सरकलंय. मागे च्युइंगगमचा डाग आहे, पाकिटात कार्डासोबतच यायचं ते."

"तुम्ही इथे विकायला बसलात ना?"

"तुमच्या बाबांना असलं चाललं नसतं. पुढच्या महिन्यात या. चांगलं बघून ठेवतो."

फेब्रुवारीत ती आली. "सहज इकडून जात होते," ती म्हणाली. त्या रस्त्याने सहज कुणीच जात नसे, पण वेसने तसं दाखवलं नाही. तिच्या ताटलीतली एक पिरोगी मात्र त्याने न विचारता उचलली.

त्याने तिला कार्ड फक्त कडांनी धरायला शिकवलं. "आणि ज्यांनी ही कार्डं जपायला हवी होती ना, ती पोरंच ती सायकलच्या तारांत अडकवायची," तो म्हणाला. "फटफट आवाज यावा म्हणून. तुमच्या बाबांनी तीन तरी महान खेळाडू असे फाडलेत."

"आणि आता?"

"आता लोक फोनवर घेतात, जाड प्लास्टिकमध्ये सील करून फोनवरच विकून टाकतात. वाससुद्धा घेत नाहीत."

"वास?"

त्याने एक कार्ड तिच्या चेहऱ्याजवळ धरलं. शिळी साखर, पुठ्ठा, तळघराची ओल... तिच्या बाबांच्याच तळघराची. नोरीनचे डोळे भरून आले. वेसने मान वळवली आणि आधीच सरळ असलेली कार्डांची रांग पुन्हा सरळ करत बसला. त्यासाठी तो तिला आवडला.

मार्चमध्ये वेस कॉफी आणायला गेला होता, तेव्हा शेजारच्या टेबलवाल्या डोलोरेसबाई तिच्याकडे झुकल्या. "अगं पोरी, तुझं दोनशे सत्तेचाळीस दिलं नाही का त्याने अजून? तीन वर्षं झाली, त्या निळ्या डब्यात पडलंय."

वेस दोन कप घेऊन परतला.

"निळ्या डब्यात काय आहे?" नोरीनने विचारलं.

तो खोटं बोलला नाही. डबा उघडून त्याने कार्ड तिच्यापुढे ठेवलं. तोच वोयचेक, पण कोपरे टोकदार, रंग कालच छापल्यासारखे.

"तीन वर्षांपूर्वी हे त्यांना दाखवलं. खूप वेळ बघत बसले. म्हणाले, हे माझं, वेस, पण आज नको. संच पुरा झाला, तर रविवारी उठून घराबाहेर पडायला स्वतःला काय कारण सांगू?"

आई गेल्यानंतरचे बाबांचे ते रिकामे रविवार तिला आठवले. "म्हणजे हे जानेवारीतच मला द्यायला हवं होतं."

"हो."

"आणि तुम्ही मला गमचे डाग दाखवत बसलात."

"हो." त्याने कप खाली ठेवला. "तुम्ही नंबर खोडला असता आणि गेला असतात. मग परत कशाला... तुम्ही परत यावं, असं मला वाटत होतं. तेवढंच."

"मला त्यांचं हे एक काम पुरं करायचं होतं, वेस. ते अडवून धरायचा तुम्हाला हक्क नव्हता."

"नव्हता. चुकलो."

सबब नाही, विनोद नाही. तो नुसता उभा होता, कान लाल झालेले.

नोरीनने पिशवीतून अल्बम काढला. कडांनी धरून कार्ड रिकाम्या कप्प्यात सरकवलं, नंबर खोडला. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. भरलेलं पान समोर होतं, आणि हात एकदम मोकळे झाले होते. बाबा कशाला घाबरत होते, ते तिला आत्ता कळलं.

तिने अल्बम मिटला. वेसने निरोप ऐकायची तयारी केल्यासारखी मान खाली घातली.

"बाबांना कारण लागायचं," ती म्हणाली. "मला नको."

त्याने वर पाहिलं.

"टेबल किती वाजता आवरता?"

"चारला." त्याने घड्याळ पाहिलं. "पण अजून अडीच तास आहेत."

"दिसतंय मला." तिने कोट काढला, गिऱ्हाइकाची खुर्ची उचलली आणि टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला आली.

"सरका जरा."