न उजळलेला तुकडा

सावाकोबाईंचा रिपोर्ट वाचला आणि प्रोफेसर निशिगाकी तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले. बायकोची स्तनातली गाठ काढून सहा महिनेही झाले नव्हते. कर्करोग उलटला होता, तोही नेमका कापलेल्या काठावर. काठावर रोग उरलाय का ते पाहायला शस्त्रक्रियेच्या दिवशी काढलेल्या तुकड्यावर निशिगाकींनी स्वतःचंच औषध फवारलं होतं. रोगट पेशीतलं एन्झाइम त्याला तोडतं आणि जागा हिरवी उजळते. त्या दिवशी काहीच उजळलं नाही. सूक्ष्मदर्शकाखालच्या पुढच्या तपासणीचे कापही मग अंदाजानेच घेतले गेले.

ओसाकाच्या त्या इस्पितळाने चौकशीला ताझुको कुवाबारांना बोलावलं. तीस वर्षं पोलिसांत काढलेली फटकळ बाई.

"औषध शिळं होतं?"

"आदल्या दिवशी मीच बनवलेलं. मीच मारलं हो तिला! माझं औषध चुकणार नाही, असं ती अजून म्हणते."

"रडा नंतर. फोटो दाखवा."

फोटोत सावाकोबाईंचा तुकडा उकडलेल्या मासळीसारखा राखाडी दिसत होता. शेजारी एक लालबुंद कण. फवारणीनंतरच्या फोटोत तो कण हिरवागार होता.

"हे काय?"

"उंदराचं मूत्रपिंड," निशिगाकींचा सहायक मिझोगुची म्हणाला. "त्यात ते एन्झाइम भरपूर. शेजारी ठेवायची आमची रीतच आहे."

"ठेवलं कुणी?"

"मीच ठेवतो. दहा वर्षं."

"आणि बाईंचा तुकडा कुणी आणला?"

"मीच."

"नोंदीत दहा वाजून बारा मिनिटांनी घेतलात, फवारणी दहा एकतीसला. वाट तीन मिनिटांची. कुठे होतात?"

मिझोगुचीने फोटो उलटा केला.

"मी सांगते. कण उजळला, म्हणजे औषध ठणठणीत होतं. मेला होता तो तुकडा. तुम्ही तो फॉर्मॅलिनमध्ये, मांस टिकवायच्या द्रावणात, बुडवलात. मांस राखाडी पडलं, एन्झाइम मेलं, रोग अंधारात लपला. हात मात्र सवयीचे गुलाम! तो कण ठेवला नसतात, तर सगळा दोष प्रोफेसरांच्या औषधावर गेला असता."

"दहा वर्षं राबलो मी, नाव यांचं!" मिझोगुची किंचाळला. "मला फक्त यांचं नाक कापायचं होतं."

"नाक यांचं, गळा बाईंचा. वा रे मर्दा!"

निशिगाकी धावतच बायकोच्या खोलीत गेले. रोग आता यकृतात पोहोचला होता. त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे तुमचं औषध बरोबरच होतं," सावाकोबाई हसल्या. "मी म्हणतच होते."

चौथ्या दिवशी त्या गेल्या.